काटा शून्यावर

...नाही, नाही, गाडी बंद पडली असती ना, तर मी एक अक्षर बोललो नसतो! बंद गाडीचं एक बरं असतं, ती बंद असते. ढकला, टोइंगवाल्याला बोलवा, शिव्या द्या, विषय संपला! पण तुम्हाला सांगतो, ही गाडी चालत होती! झकास चालत होती! इंजिन गुणगुणतंय, एसी गारठवतोय, पाम बीच रोडवरची झाडं सपासप मागं पळतायत, खाडीवरून वारा येतोय... आणि काटा? शून्यावर!

शून्यावर म्हणजे शून्यावर हो! स्पीडोमीटरचा काटा! आधी पंधरा दिवस नुसता थरथरायचा. मधेच पडायचा, मधेच उठायचा, ताप आल्यासारखा. आणि एक दिवस जो पडला तो उठलाच नाही. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी बाणासारखी निघालीय, आणि हा आपला तळाशी आडवा. सुट्टीच्या दुपारी माणूस पडतो ना सोफ्यावर, तसा!

आता इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं महाभारत तिथनंच झालंय. आमच्या गाडीत मीटर स्टिअरिंगच्या मागं नाही. डॅशबोर्डच्या मधोमध आहे, आरशाच्या बरोब्बर खाली. ज्या कुणी ही गाडी डिझाइन केली ना, त्याचं लग्न झालेलं नसणार! कारण मीटर मधोमध म्हणजे तो जेवढा ड्रायव्हरचा, तेवढाच शेजारच्या सीटचा. आणि माझ्या शेजारच्या सीटवर जयमाला असते. माझी बायको.

"अहो," ही म्हणाली, "आपण थांबलोय का?"

म्हटलं, "थांबलोय कसे? झाडं बघ की!"

"झाडं बघितली. पण हा शून्य म्हणतोय."

"तो चुकतोय."

"तो चुकतोय, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कुठं बघून ठरवलंत?"

आता माझी पंचाईत समजून घ्या! मी नेरुळला राहतो, नोकरी जासईला, कंटेनर यार्डात, अकाउंट्सला. म्हणजे रोज माझ्या पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर, बाजूला ट्रेलर. त्या हत्तींच्या कळपातून मी आपला सशासारखा जाणार, आणि मला माझा वेग ठाऊक नाही! बरं, रस्त्यावर जागोजागी कॅमेरे. म्हणजे गंमत बघा, माझा वेग त्या खांबावरच्या कॅमेऱ्याला ठाऊक, मागच्या ट्रेलरवाल्याला ठाऊक, आणि मी? मी गाडीचा मालक, मला विचाराल तर... काटा शून्यावर!

बरं, नुसता काटा नाही. किलोमीटरसुद्धा मोजायचे बंद! नेरुळहून जासईला जाऊन आलो, आकडा तोच. मी रोज रात्री डायरीत दोन ओळी लिहिणारा माणूस, टायरमधली हवासुद्धा नोंदवून ठेवणारा, माझ्या जिवाची काय तगमग झाली असेल! म्हणजे मी गेलो की नाही? आमच्या मजल्यावरचे कमळाकरराव, रिटायर्ड आहेत, सगळ्यातलं सगळं कळतं त्यांना, ते म्हणाले, "अहो नंदकिशोरराव, उत्तम झालं की! विकताना गाडी कमी चाललेली दिसेल!"

म्हटलं, "मी विकतोय कुठं?"

तर हसले. नुसते हसले हो! आणि बॉनेटवरून असा हात फिरवला... आपल्या बैलावरून बाजारातलं गिऱ्हाईक फिरवतं ना, तसा!

या कमळाकररावांचा माझ्या गाडीवर पहिल्यापासून डोळा. आणि त्यांना तरी नावं का ठेवू? गाडी ठेवलीय तशी मी! तुम्हाला सांगतो, जुनी असली तरी आतल्या सीटवर एक डाग दाखवा. दर शनिवारी बॉनेट उघडून ऑइल बघतो, पाणी बघतो, फडकं मारतो. अहो, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये माझी म्हणावी अशी एक जागा नाही. हॉल सिरियलचा, बेडरूम कपाटांची, दुसरी बेडरूम पाहुण्यांची, गॅलरी तुळशीची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची. माझी जागा एकच. तिला चार चाकं आहेत आणि ती खाली पार्किंगमध्ये उभी असते! संध्याकाळी ऑफिसातून आलो की इंजिन बंद करून दहा मिनिटं तसाच बसतो. कुणी काही विचारत नाही. स्वर्ग!

आणि तो स्वर्ग जायची वेळ आली, किल्ला जंक्शनच्या सिग्नलला.

झालं असं, या दुखण्यात काटा तर मरतोच, पण कधीकधी गाडी थांबवायला जावं तर इंजिनसुद्धा मान टाकतं. का? कारण गाडीच्या मेंदूला वेग कळत नाही! तुम्ही साठनं धावताय आणि तुमच्या मेंदूला वाटतंय आपण खुर्चीत बसलोय. मग ब्रेक मारल्यावर तो गोंधळणार नाही तर काय करणार? सिग्नल लाल, मी ब्रेक मारला, इंजिन गप्प. सिग्नल हिरवा. मागं ट्रेलर. आणि ट्रेलरचा हॉर्न तुम्ही ऐकलाय का? तो कानाला ऐकू येत नाही, पोटाला ऐकू येतो! मी चावी फिरवतोय, गाडी कुं कुं करतेय, तो ट्रेलरवाला अर्धा बाहेर येऊन, "ओ चाचा! घर में सोने का ना!"

जयमालानं शांतपणे पर्स उचलली, दार उघडलं, आणि रिक्षा केली. रिक्षा! नवऱ्याची गाडी असताना! जाताना खिडकीतून म्हणाली, "रविवारपर्यंत काटा हलला तर ठीक. नाहीतर गाडी कमळाकर भावजींना देऊन टाकायची. मी त्यांना शब्द देऊन टाकते."

आणि दिला हो! संध्याकाळी लिफ्टमध्येच दिला! दुसऱ्या दिवशी कमळाकरराव पार्किंगमध्ये माझ्या गाडीशेजारी उभं राहून त्यांच्या सौ.ना सांगतायत, "पुढच्या सीटला आपण ते मण्यांचं कव्हर घालू." मण्यांचं! माझ्या सीटला!

तेव्हा मी ठरवलं. नंदकिशोर, आता माघार नाही. हा काटा तू हलवायचा!

आधी गेलो एका सर्व्हिस सेंटरला. नाव नाही घेत, पण काचेची इमारत, सोफे, फुकट कॉफी. माझ्या मुलाच्या वयाचा एक जण टॅबलेट घेऊन आला. "सर, मी सिनिअर ॲडव्हायजर. सर, पूर्ण मीटर असेंब्ली चेंज करावी लागेल, सर." म्हटलं, "तुम्ही गाडी बघितलीच नाही अजून!" तर म्हणे, "सर, सिस्टीममध्ये बघितली ना, सर." मी कॉफी पूर्ण प्यायलो आणि निघालो.

मग शिरवण्याला गेलो, भगवानकडे. हा शिरवण्याचा मूळचा, गल्लीत गॅरेज, माझं ऑइल वगैरे तोच बदलतो. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, डॉक्टर नाडी बघतात तसं, आणि म्हणाला, "सेन्सर मेला हाय, साहेब."

तुम्हाला सांगतो, हा सेन्सर म्हणजे एवढंसं, अंगठ्याएवढं प्लॅस्टिकचं बोंडूक. गिअरबॉक्समध्ये खोचलेलं असतं. काम काय? आत चाकांबरोबर काय किती फिरतंय ते बघायचं आणि वायरीतून वर कळवायचं. बस्! चहाडखोर माणूस असतो ना सोसायटीत, गेटवर बसून कोण किती वाजता आलं ते वर कळवणारा, तसा. भगवाननं खाली शिरून, चाचपून चाचपून जुना काढला, नवा खोचला. "झाला! आता बगा, कसा पलतो काटा!"

मी निघालो. उत्साहात! शिरवण्याच्या गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याला लागलो, दुसरा गिअर, तिसरा गिअर, छाती धडधडतेय, हळूच डावीकडं मीटरकडं बघितलं... काटा शून्यावर!

परत फिरलो. भगवाननं डोकं खाजवलं. "मंग मीटर मेला असंल."

म्हटलं, "आणि मीटर बदलूनही नाही हलला तर?"

"मंग गारीच मेली असंल, साहेब! विकून टाका, हाय काय नि नाय काय!"

म्हणजे हाही कमळाकररावांच्या पार्टीतला!

मग मात्र मी म्हटलं, आता आपणच. रोज संध्याकाळी यूट्यूब. कुठला कुठला केरळचा मेकॅनिक, कुठला ब्राझीलचा, भाषा कळत नाही पण बोट कुठं ठेवतोय ते कळतं! एक छोटं यंत्र मागवलं, ते स्टिअरिंगच्या खाली खोचायचं, मग गाडी मोबाइलशी बोलते. बोलली! काय बोलली? "वेगाची खबर येत नाही." अगं बाई, ते मलाही दिसतंय! हे म्हणजे डॉक्टरकडं गेलो पोट दुखतं म्हणून आणि तो तपासून म्हणतो, तुमचं पोट दुखतंय! पण विचार केला. खबर येत नाही, म्हणजे दोनच गोष्टी. एक तर खबऱ्या कळवत नाही, किंवा कळवतोय पण वाटेत कुणीतरी अडवतंय. खबऱ्या तर नवा कोरा! मग वाटेत कोण?

फ्यूज बघितले. ठीक. बॅटरी बघितली. ठणठणीत. आणि उजाडला की हो रविवार!

सकाळी मी गाडी जॅकवर चढवली. पुढचं एक चाक हवेत. बाकीच्या चाकांना विटा, हँडब्रेक, गाडी न्यूट्रल, इग्निशन चालू. डॅशबोर्डखालचं झाकण काढून ठेवलेलं, हातात मल्टिमीटर, वायरीतली वीज आकड्यात दाखवणारा. आता चाक फिरवायला माणूस पाहिजे ना! जयमालाला म्हटलं, तू फक्त चाक फिरव. ती ओढणी खोचून खाली बसली. "फिरवते," म्हणाली, "पण हे शेवटचं!"

आणि तेवढ्यात लिफ्ट उघडली. कमळाकरराव! इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पिशवी. पिशवीत नारळ, पेढे आणि चार लिंबं! नवी गाडी घेतली की चाकाखाली ठेवतात ना, ती! हा माणूस माझी गाडी माझ्यासमोर न्यायला, तिच्या चाकाखाली लिंबं चिरडायला आला होता हो! आणि वर म्हणतो, "चालू द्या, चालू द्या, मी थांबतो. मुहूर्त अजून आहे."

माझं डोकं असं तापलं! सेन्सरच्या वायरीला मल्टिमीटर लावला. "जयमाला, फिरव!"

तिनं चाक फिरवलं. आणि तुम्हाला सांगतो... आकडा नाचायला लागला! वर, खाली, वर, खाली! खबऱ्या जिवंत! कळवत होता बिचारा! मी ओरडलो, "अगं फिरव! थांबू नकोस!" ती फिरवतेय, मी उठून धावत आत, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तिथल्या वायरीला मल्टिमीटर लावला... ढिम्म! काही नाही! म्हणजे खालून खबर निघतेय आणि वर पोचतच नाहीये! मधे कुठंतरी खून झालाय!

"अहो, फिरवू का थांबू? हात दुखले माझे!"

"थांब! सापडलं!"

"काय सापडलं?"

"कुठं हरवलंय ते सापडलं!"

कमळाकरराव पेढ्याचा बॉक्स उघडता उघडता म्हणाले, "नंदकिशोरराव, जे सापडलंच नाहीये ते सापडलं म्हणून नाचण्यात काय अर्थ आहे?" मी लक्षच दिलं नाही. वायर धरली. गिअरबॉक्सपासून वर, वर, वर, बोटानं चाचपत. ती जाते एअर फिल्टरच्या डब्याच्या मागं. तिथं वायरीचा जोड असतो, एक क्लिप. दिसत नाही, माझं जाडं बोट पोचत नाही. भगवान खालून शिरला होता, त्यालाही कुठनं दिसणार? मी डबा सोडवला, उचलला, आत टॉर्च मारला...

आणि तिथं काहीतरी होतं.

काळं. वाळलेलं. सुरकुतलेलं. आणि त्याला शेपटी होती.

"उंदीर!!" कमळाकरराव ओरडले ते थेट पार्किंगच्या कट्ट्यावर चढले, पेढे छातीशी धरून! "मेलेला उंदीर! वायर कुरतडलीन् मेला! मी म्हणत होतो ना, या सोसायटीत उंदीर झालेत, सेक्रेटरीला तीनदा सांगितलं!"

मी पक्कड घेतली. नाकाला रुमाल. आणि माझ्या लक्षात आलं, जयमाला माझ्या खांद्यावरून वाकून बघतेय. तुम्हाला सांगतो, ही ओरडली तर मी घाबरत नाही. इतक्या वर्षांचा सराव आहे. पण ही हळू आवाजात बोलायला लागली, की समजायचं, काहीतरी शिजलंय!

"अहो," ती हळूच म्हणाली. "उंदीर नाहीये तो."

"मग काय आहे?"

"लिंबू आहे."

मी पक्कडीत धरून उजेडात आणलं. लिंबू! काळंठिक्कर पडलेलं लिंबू! आणि शेपटी म्हणजे वाळक्या मिरच्या! काळ्या दोऱ्यात ओवलेल्या! आणि तो दोरा कुठं बांधलेला? बरोब्बर त्या वायरीच्या जोडाला! सुरगाठ नाही, चांगली निरगाठ!

"हे... हे इथं कसं आलं?"

"दसऱ्याला," ती म्हणाली.

आता ऐका. दसऱ्याला सगळे गाडीला हार घालतात, नंबरप्लेटवर हळदकुंकू वाहतात. हिचं माहेर फलटणकडचं, घरी ट्रॅक्टर. हिच्या माहेरी नंबरप्लेटची पूजा नाही करत. "चालतं ते इंजिन, आणि पूजा पत्र्याची?" असं हिचं म्हणणं. म्हणून आमच्याकडं बॉनेट उघडून इंजिनाची पूजा. माझी ना नाही! पण लिंबू-मिरचीला मात्र मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, माझ्या गाडीला ते पुढं लोंबकळताना दिसता कामा नये.

"मग दिसत होतं का?" जयमाला म्हणाली. "सांगा ना! दिसत होतं का? तुम्ही वर आपट्याची पानं विसरलात ती आणायला गेलात, तेव्हा माझा बारीक हात घालून आत बांधलं. तुम्ही म्हणालात दिसता कामा नये. तुमचा शब्द मी मोडला का?"

मी पक्कडीनं दोरा तोडला.

आणि झालं काय, तर इंजिनाच्या उष्णतेनं ते लिंबू बसलं पाझरत. थेंब थेंब, त्या जोडात! मी क्लिप उघडली तर आतल्या पिना हिरव्यागार! अहो, शाळेत प्रयोग केला होता आपण, लिंबात तांब्याची पट्टी खोचायची. तोच प्रयोग दसऱ्यापासून माझ्या बॉनेटखाली चालू होता! पण तुम्हाला सांगतो, मला राग येईना. येईचना! मला असा आनंद झाला, असा आनंद, की त्या काळ्या लिंबाचा मुका घ्यावा! काचेच्या इमारतीला नाही सापडलं, भगवानला नाही सापडलं, मला सापडलं!

तरी विचारलं, "पण कशासाठी? कुणाची नजर लागणार होती या जुन्या गाडीला?"

तिनं मला कोपराला धरून बाजूला घेतलं. आणि नुसते डोळे फिरवले. कट्ट्याकडं. तिथं कमळाकरराव पेढा खात होते.

"दसऱ्याच्या दिवशी तीनदा म्हणाले," ती पुटपुटली. "'काय झकास ठेवलीय हो गाडी!' तीनदा! मी मोजलं!"

म्हणजे समजलं का तुम्हाला? ज्याच्या नजरेसाठी लिंबू बांधलं, त्या लिंबानं काटा मारला, आणि काटा मेला म्हणून गाडी कुणाला चालली होती? त्यालाच!

जुना टूथब्रश घेतला, स्प्रे मारला, पिना घासून घासून लखलखीत केल्या. क्लिप बसवली, कट्! डबा बसवला. चाक खाली. "बस गाडीत!" जयमालाला म्हटलं. गेटमधून बाहेर. पहिला गिअर. मी श्वास धरलाय. तिनंही धरलाय. आणि... थरथरला! हलला! उठला! दहा! वीस! तीस! तुम्हाला सांगतो, आमचा मुलगा पहिल्यांदा उभा राहिला ना, तेव्हा मी एवढा ओरडलो नव्हतो! "जयमाला, चाळीस! बघ, पन्नास! पाम बीच! साठ! साठ गं!"

"साठ?!" ती किंचाळली. "अहो, हळू! हळू करा आधी! म्हणजे काटा पडल्यापासून तुम्ही मला रोज साठनं नेत होतात?"

"अगं, सगळेच जातात!"

"मला काय ठाऊक? मला वाटायचं आपण आरामात चाललोय! चाळीस करा! पंचेचाळीस झाले! अहो, सत्तेचाळीस! समोर बघा! मी बघतेय मीटर, तुम्ही समोर बघा!"

मधोमध मीटर हो! मधोमध! बाजूनं एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवर आम्हाला मागं टाकून गेले आणि वळून कीव केल्यासारखं बघून गेले.

परत आलो. गाडी वाचली! कमळाकररावांना सांगितलं, काटा हलला. ते तोंड एवढंसं करून म्हणाले, "अरे वा." आणि पिशवी तिथंच विसरून गेले. किंवा ठेवून गेले. जयमालानं त्यातलं एक लिंबू उचललं.

म्हटलं, "जयमाला, नाही."

"का नाही? त्या लिंबानं सगळं स्वतःवर घेतलं म्हणून काट्यावर निभावलं. नाहीतर इंजिन गेलं असतं! आणि आता आत नाही बांधत बाई, तुमच्या वायरी तुम्हाला लखलाभ. समोर बांधते. चांगलं डोळ्यांसमोर."

आणि बांधलं. आरशाला. लांब दोरा, त्याला सात मिरच्या, त्याला कमळाकररावांचंच लिंबू, त्यांचीच नजर उतरवायला! आणि मीटर कुठं आहे? आरशाच्या बरोब्बर खाली. दोरा केवढा? बरोब्बर तेवढा!

बाजूला सारायला हात लावला, की ही म्हणते, "हात नका लावू, शनिवारी उतरेल." शनिवारी उतरतं. शनिवारीच नवं येतं. आणि ही आता सीट मागं टाकून बाहेर खाडी बघत म्हणते, "बघा, परत किती निवांत वाटतंय ना?"

तेव्हा तुम्हाला सांगतो, दुरुस्ती एक नंबर झालीय. गाडी सपासप पळतेय, किलोमीटर मोजले जातायत, कॅमेऱ्याला माझा वेग ठाऊक आहे, मागच्या ट्रेलरला ठाऊक आहे... आणि काटा?

लिंबामागं.